भाऊसाहेबांकडून आमच्या पोरांनी नेमकं काय शिकायचं?

कोरडवाहू मास्तर, नांदगाव खंडेश्वर तालुका
27 डिसेंबर, म्हणजे डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांची जयंती जवळ आली की आमच्याकडच्या शाळांत त्यांच्यावरची भाषणं पाठ करून घेणं सुरू होतं. मी शिक्षक, ती भाषणं तपासायला माझ्याकडेच येतात. बहुतेक सगळी एकाच जागी थांबतात. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा 1920 साली विलायतेला गेला, एडिंबरो-ऑक्सफर्डला शिकला, डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टर झाला, मुलांनो, तुम्हीही असेच मोठे व्हा.

मला हे पटत नाही. भाऊसाहेबांचं खरं काम 1926 साली ते परत आल्यावर सुरू झालं. वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर ऑक्सफर्डचा प्रबंध लिहिलेला माणूस अमरावतीत वसतिगृह काढतो, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली ठेवतो. जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करतो. पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी करतो. त्या संस्थेचं कॉलेज नसतं तर आमच्या घरात पहिला पदवीधर व्हायला अजून एक पिढी गेली असती.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की पोरांना 'शिका' सांगतो त्याच दमात 'परत या' हेही सांगायला हवं. पीकविम्याचा अर्ज का नाकारला हे वाचून सांगणारं माणूस गावात उरलेलं नाही. संध्याकाळी लोक कागद घेऊन माझ्या दारात उभे राहतात.

कपाशीवाला, धामणगावकडचा
मास्तर, आयकाले बरं वाटते. पन परत येऊन करनार काय? माह्या पोरानं आयटीआय केलं तवा मीच त्याले म्हनलं, वावरात येऊ नको. चार एकर कोरडवाहू, त्यातली दोन बरड. जूनमधी पेरलं, पावसानं दडी मारली, दुबार पेरनी. कपाशी सावरली त बोंडअळी. वेचनीवाल्या बायायचा चुकारा करून, गाडीभाडं देऊन हातात काय रायते, ते जिनिंगच्या काट्यावर उभं रायलेल्यालेच मालूम.

भाऊसाहेब आले ते बॅरिस्टर होऊन आले, अमरावतीत वकिली करता येत होती. माह्या पोरापाशी काय हाये? सोसायटीचं कर्ज. तो चाकणहून दर महिन्याले पैसे धाडते, त्याच्यावर बहिनीचं नर्सिंग चालू हाये. त्यानं गाव सोडलं असं मी कोनाले म्हनू देनार नाही.

दर्यापूरची लेक
मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली, भाऊसाहेबांच्याच नावाचं विद्यापीठ. आणि परत आले. त्यामुळे दोघांशीही माझा थोडा वाद आहे.

मास्तर, 'परत या' हे पोरांना सांगता, पण शिकून आलेल्या पोरीचं ऐकायची तयारी गावाची आहे का? माती परीक्षणाचा कागद मी वाचून दाखवायची, माणसं मान डोलवायची आणि खत मात्र कृषी केंद्रवाला देईल तेच आणायची. मग मी बचत गटातल्या बायांकडे गेले. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं, आठवड्याभरात मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर बियाण्याची महागडी बॅग घ्यायचं कारण नाही. एवढं साधं काम. पण त्या बायांनी नवऱ्यांना घरचं बियाणं पेरायला लावलं.

आणि काका, शिकलेल्यानं येऊन वावरच केलं पाहिजे असं थोडंच आहे? नांगराला कधी हात न लावताही शेतीला उपयोगी पडता येतं. भाऊसाहेब स्वतः कुठे शेती करत बसले?

अभ्यासू, वरुड
हाच मुद्दा मला मांडायचा होता. भाऊसाहेब 1952 ते 1962 केंद्रात कृषीमंत्री होते, संविधान सभेतही होते. भारत कृषक समाज 1955 साली त्यांनी काढला आणि 1959-60 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. खेड्यातल्या शेतकऱ्यानं जगभरची अवजारं, पिकं डोळ्यांनी पाहावीत ही त्यामागची तळमळ होती. माणूस अमरावतीतच राहिला असता तर हे झालं नसतं. तेव्हा 'परत या' हा त्यांच्या आयुष्याचा धडा नव्हेच. जिथे जाल तिथे शेतकऱ्याचा वकील व्हा, हा धडा.

मूर्तिजापूरकर
मास्तरांनी विहिरींचा विषय एका ओळीत उरकला, वरुडच्या भाऊंनी तर घेतलाच नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

1927 साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून जो लढा झाला, त्यात भाऊसाहेब पुढे होते. त्याच लढ्याच्या परिषदेला बाबासाहेब अध्यक्ष म्हणून आले होते. त्याच वर्षी भाऊसाहेबांनी आंतरजातीय लग्न केलं. नुकताच विलायतेहून आलेला तरुण, पुढे निवडणुका लढवायच्या, मतं आपल्याच समाजाची, आणि तो स्वतःच्या माणसांचा रोष अंगावर घेतो. शाळा काढणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात. विहीर खुली करणाऱ्याला शिव्या खाव्या लागतात. मास्तर, तुम्ही तपासता त्या भाषणांत हे का नसतं?

आमच्या गावात लग्नाची पत्रिका आमच्या वस्तीत येते, पण जेवायचं बोलावणं पंगत उठल्यावर. ती पंगत वाढणारी पोरं शिकलेलीच आहेत.

अभ्यासू, वरुड
दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण चर्चा शिक्षण आणि शेतीची चालली आहे, जातीवर गेली की मूळ विषय हातचा जातो.

मूर्तिजापूरकर
भाऊसाहेबांनी वसतिगृह काढलं ते सगळ्या जातींसाठी. त्यांनी हे दोन विषय वेगळे मानले नाहीत, तुम्ही का मानता?

कोरडवाहू मास्तर
मूर्तिजापूरकर, तुमच्या बाजूने आहे. यंदा अंबादेवीचा लढा भाषणात येईल, कुणाची नाराजी झाली तरी.

कपाशीवाले दादा, चाकणहून बहिणीची फी भरणाऱ्या पोराला मी नावं ठेवणार नाही. पण एक विचारतो. ती फी घरच्या बहिणीची आहे. भाऊसाहेबांनी वसतिगृहात ठेवली ती दुसऱ्यांची पोरं होती. आपल्या घराच्या पलीकडच्या एका तरी पोराचं शिक्षण आपल्या अंगावर घ्यायचं, मग माणूस चाकणला राहो की अमेरिकेत. 'परत या' म्हणतो ते मला यासाठी हवं आहे. गावात राहणाऱ्याला ते पोरगं रोज दिसतं, दूर गेलेल्याला हळूहळू दिसेनासं होतं. म्हणून मी माझा शब्द मागे घेत नाही.

कपाशीवाला
लोकायची पोरं पाहाले आधी आपलं घर सावरा लागते, मास्तर. आन सरकारनं भाऊसाहेबायच्या नावानं योजना काढल्या, त्या तरी आमच्यापर्यंत कुठी येतात? पीककर्ज वेळेत भरलं त व्याजात सवलत, हे बँकेत विचारलं तवा समजलं. वसतिगृहाच्या निर्वाह भत्त्याचं त पोरगी दुसऱ्या वर्षाले गेल्यावर कानावर आलं. अल्पभूधारकायच्या पोरायसाठी हाये म्हनते. नर्सिंगले लागू हाये का?

कोरडवाहू मास्तर
अभ्यासक्रम यादीत आहे का ते महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या योजनांच्या अर्जाच्या संकेतस्थळावर, पाहावं लागेल. सातबारा, अल्पभूधारकाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पोरीचं आधार घेऊन रविवारी शाळेत या. आणखी कुणाचे कागद असतील तर त्यांनाही आणा.

कपाशीवाला
येतो. शेजारच्या दोन पोरीयलेही घेऊन येतो. पन 'परत या'वाल्या भाषनाले माहा विरोधच हाये.