टॅक हवंच, पण बीएसटीला विसरू नका

पीसीआर म्हणजे नमुन्यातल्या डीएनएच्या, समजा टीबीच्या जंतूच्या, फेरीफेरीने तापवून-थंड करून असंख्य प्रती काढायची पद्धत. पीसीआर म्हटलं की त्या प्रती काढणाऱ्या टॅक या एन्झाइमचंच नाव घेतात, ते खरं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचं हे एन्झाइम. त्याआधी ई. कोलाय या जिवाणूचं एन्झाइम वापरायचे, ते ९५ अंशांना निकामी व्हायचं आणि दर फेरीला नव्याने घालावं लागायचं.

पण धारणी-भामरागडसारख्या दुर्गम भागात अडचण एन्झाइमची नाहीच. तापमान सतत वर-खाली फिरवणारं यंत्र आणि भरवशाची वीज आणायची कुठून? म्हणून मला बीएसटी पॉलिमरेज हे डीएनएच्या प्रती काढणारं दुसरं एन्झाइम फार मोलाचं वाटतं. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूपासून मिळालेलं हे एन्झाइम डीएनएच्या दोन साखळ्या स्वतःच सोडवत पुढे सरकतं, त्यामुळे त्या वेगळ्या करायला दर फेरीला तापवावं लागत नाही. ६० ते ६७ अंशांत, एकाच तापमानाला, तासाभरात काम होतं. एकाच तापमानाला डीएनएच्या प्रती काढायची हीच लॅम्प पद्धत. टीबीसाठी डब्ल्यूएचओने २०१६ मध्ये तिची शिफारस केली. नळी अतिनील दिव्याखाली धरायची. हिरवी चमकली की पॉझिटिव्ह.

मात्र रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, हे टीबी-लॅम्प सांगत नाही. त्यासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटसारखी, यंत्रावर होणारी डीएनए चाचणी हवी. ट्रूनॅट बॅटरीवरही चालतं, ही आपल्याकडे मोठीच सोय.

आणि चाचणी झालेली नळी कुणालाही उघडू देऊ नका. आत कोट्यवधी प्रती तयार झालेल्या असतात. त्या टेबलावर पसरल्या की पुढच्या निरोगी माणसाचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येतो. किटचं वाळवलेलं रसायन ३० अंशांपर्यंतच टिकतं, तेव्हा मे महिन्यात ते फ्रिजमध्येच ठेवा.