मदत हवी आहे: शेवेच्या कढईचं तापमान मोबाइलवर थेट कसं बघावं?

नमस्कार मंडळी. इंदूरला सांवेर रोडवर आमचा शेव-नमकीनचा छोटा कारखाना आहे. तेलाचं तापमान कारागीर तासातासाने वहीत लिहितात, पण घाणा बिघडतो तो मधल्या वेळात. तेल फार तापलं की शेव लाल पडते, उतरलं की तेल पिते. वहीत मात्र सगळं ठीक. शिवाय जास्त तापलेलं तेल लवकर खराब होतं, आणि एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमाने टोटल पोलर कंपाउंड (तळून तळून तेलात साठणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरता येत नाही.

कढईला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) आहे, त्याच्या कंट्रोलरला आरएस-४८५चं पोर्टही (आकडे तारेने बाहेर काढायची जोडणी) आहे. त्यातून मॉडबसने (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायची ठरलेली पद्धत) आकडे मोबाइलवर आणायचेत. वायफाय गेलं तरी मधले आकडे साठवणारा गेटवे (कंट्रोलरचे आकडे नेटवर पाठवणारं उपकरण) कोणता घ्यावा?

त्याहून मोठा प्रश्न अलार्मचा. शेव पाडली की तापमान दर वेळी थोडं खाली येतंच. तेवढ्यावर भोंगा वाजत राहिला तर माणसं तो बंदच करून टाकतील. किती वेळ थांबून वाजवावा? कारागीर जुने, हाताचे पक्के. आपल्यावर पाळत ठेवली असं त्यांना वाटू नये, ही खरी काळजी. म्हणून आकडे त्यांनाही दिसतील असा मोठा डिस्प्ले कढईजवळच लावायचा विचार आहे.

इंदूर-देवासकडे कोणी असं बसवलं असेल तर सांगा, बघायला येईन.