सोनेरी 'लायका'वरची नक्षी: हाताची, मशीनची की ॲसिडची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

हा कॅमेरा अस्सल लायका (जर्मनीचा नावाजलेला कॅमेरा) नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे 'तुम्ही फसलात' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. प्रश्न वेगळाच आहे.

मामांच्या संग्रहातून माझ्याकडे ३५ मिमी फिल्मचा एक रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मापून फोकस करायची सोय असलेला कॅमेरा आलाय. सोन्याचा मुलामा, मरून चामडं. टॉप प्लेटवर, म्हणजे वरच्या पत्र्यावर, वळणदार अक्षरांत लायका, खाली एर्न्स्ट लाइट्झ, वेट्झलार (लायका बनवणारी कंपनी आणि तिचं गाव) आणि डी.आर.पी. (जर्मन पेटंटची खूण) आणि नावाच्या दोन्ही अंगांनी निघून शटरस्पीडच्या चकतीपर्यंत पोचलेली फुलापानांची वेल.

आत माल झॉर्कीचा, म्हणजे लायकाच्या धर्तीवरच्या सोव्हिएत कॅमेऱ्याचा आहे. लेन्स काढली की रेंजफाइंडरच्या दांडीचं टोक दिसतं. लायकात तिथे छोटं गोल चाक असतं, इथे पाचरीसारखा चपटा तुकडा आहे. लेन्सवर 'एल्मार' (लाइट्झची लेन्स) लिहिलंय, पण खऱ्या ५ सेंमी एल्मारमध्ये डायफ्रामच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या पाती पुढच्या पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात. इथे त्या दुसऱ्या काचेच्याही मागे आहेत, म्हणजे इंडुस्टार ही सोव्हिएत लेन्स. शिवाय लाइट्झने १९२९ पासून जे सोनेरी 'लुक्सुस' (खास शाही आवृत्तीचे कॅमेरे) काढले ते मुख्यतः रेंजफाइंडर नसलेल्या पहिल्या लायकावर, सरड्याच्या कातडीचे, आणि शंभराच्या आत. त्यांच्यावर असली वेलबुट्टी नव्हती. तेव्हा तो विषय संपला.

मला पडलेलं कोडं असं की या एकाच पत्र्यावर दोन वेगळ्या लायकीचं काम आहे. अक्षरं अगदीच सुमार: सगळीकडे एकाच जाडीची, टोकं बोथट, आणि खालची ओळ किंचित उजवीकडे चढलेली. पत्रा दिव्यासमोर तिरका धरला की अक्षरांखाली उथळ खळगा दिसतो. तिथलं मूळ रशियन नाव घासून काढलेलं असणार. वेल मात्र बघत राहावी अशी आहे. देठ केसाएवढा बारीक निघतो, वळणावर भरतो आणि पुन्हा निमुळता होत संपतो. डावीकडच्या फुलाला तीन तंतू आहेत, उजवीकडच्याला दोनच. एवढ्यावरून मी हाताचं काम म्हणून मोकळी झाले असते, पण पानांमधली जमीन खरखरीत आणि सपाट आहे, अगदी एकसारखी. ती हाताने ठोकलेली वाटत नाही.

म्हणून विचारायचं ते हे. नक्षी नेमकी कशाने केलीय? मुलाम्याच्या आधी की नंतर? आणि रेषांमध्ये काळं भरलेलं आहे तो रंग आहे की वर्षानुवर्षांचा मळ? तो मळ असेल तरच हात लावीन. चामड्याच्या कडेने हिरवट किटही बाहेर आलंय, त्याचंही काय करायचं ते सांगा. किंमत विचारत नाहीये, विकायचा नाही.

प्रतिसाद

फोटो टाका. फ्लॅश नको, खिडकीचा आडवा उजेड. ब्रासोला (पितळेच्या पॉलिशला) हातही लावू नका!!

प्रतिसाद

तुमचं निरीक्षण चांगलं आहे, निम्मं उत्तर त्यातच आलंय.

अक्षरं पॅन्टोग्राफची. मोठ्या साच्यातल्या अक्षरावरून एक टोक फिरवायचं, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं कटर तेच अक्षर लहान करून पत्र्यात कापतं. कटर गोल फिरत असल्यामुळे टोकं गोलसर येतात आणि जाडी बदलत नाही. दहापट भिंगाखाली चराच्या तळाशी बारीक गोल गोल ओरखडे दिसतील. कॅमेऱ्यांच्या कारखान्यांतही नावं पॅन्टोग्राफनेच कोरायचे, त्यामुळे यंत्र वापरलं म्हणून काम हलकं ठरत नाही. तुमच्या कॅमेऱ्यावर साचाच कुणीतरी घाईत, डोळ्यांच्या अंदाजाने बनवलेला दिसतो. खऱ्या लायकाच्या सहीतला 'एल' आणि तुमचा 'एल' शेजारी ठेवा, वळणातच फरक कळेल.

वेलीचं वेगळं. कोरणी हाताने ढकलताना ती जितकी कलती कराल तितकी रेष रुंद होते, म्हणूनच बारीक-जाड-बारीक असा देठ येतो. कोरणीचा चर बहुधा व्हीच्या आकाराचा असतो आणि त्याच्या भिंती चकाकतात. दोन रेषा एकमेकींना छेदतात ती जागा शोधा. कोरलेलं असेल तर नंतरचा चर आधीच्याला कापून गेलेला कळतो. ॲसिडने खाल्लेलं असेल तर तिथे पुढचा-मागचा असं काही उरत नाही, कडा मऊ असतात आणि तळ सपाट, दाणेदार.

माझा अंदाज: जमीन ॲसिडने उतरवलीय आणि वेल त्यानंतर कोरणीने उठवलीय. जमीन हाताने भरायला फार वेळ जातो, म्हणून अशी विभागणी करतात. यात लबाडी काही नाही. लबाडी वरच्या नावात आहे.

मुलाम्याचं तपासणं सोपं आहे. चराच्या तळापर्यंत वरच्यासारखंच सोनं उतरलं असेल तर कोरीवकाम आधीचं. तळाला मळकट पिवळं पितळ दिसत असेल आणि कडेला मुलाम्याचे टवके निघाले असतील तर नंतरचं. वेल आणि अक्षरं वेगवेगळी तपासा.

धागाकर्ती

तपासलं. वेलीच्या प्रत्येक रेषेत सोनं तळापर्यंत आहे आणि छेदणाऱ्या रेषा एकमेकींना कापून गेल्यात. जमिनीत एकही छेद नाही, नुसता दाणा. अक्षरांतही सोनं आहे, पण एका जागी पानाचं टोक अक्षराने अर्धं कापलंय. म्हणजे वेल आधी, नाव नंतर, आणि मुलामा सगळ्यात शेवटी?

प्रतिसाद

तोच क्रम. आणि हे रंजक आहे. म्हणजे कुणीतरी झॉर्की सजवला तेव्हा त्याला लायका करायचं ठरलेलं नसावं. साधा भेटवस्तूचा कॅमेरा असू शकतो. नाव घासून दुसरं टाकणारा आणि मुलामा देणारा माणूस बहुतेक वेगळा. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर अशा रूपांतरित लायकांचा सुळसुळाट झाला, बर्लिन ऑलिम्पिकपासून लुफ्तवाफेपर्यंत (नाझी जर्मनीचं हवाई दल) वाट्टेल ती नावं फेड (असाच दुसरा सोव्हिएत कॅमेरा) आणि झॉर्कीवर चढली. पण त्यातल्या बहुतेकांवर इतकी बरी वेल सापडत नाही.

प्रतिसाद

थोडं अवांतर: कारखान्यातूनच सजून आलेले कॅमेरे बघायचे असतील तर कोडॅकसाठी वॉल्टर डॉर्विन टीगने केलेलं काम बघा. १९३० चा गिफ्ट कोडॅक आणि ब्यू ब्राउनी, नंतर १९३६ चा बँटम स्पेशल. भूमितीचे आकार, एनॅमलचे रंग, कोरणी जवळपास नाहीच. माझ्या मते कॅमेऱ्याला तेच शोभतं. वेल छानच असेल हो, पण यंत्रावर फुलं बघून मला जरा कसंतरी होतं.

प्रतिसाद

आवड आपापली. साफसफाईचं राहिलं म्हणून लिहितो.

काळं आहे ते आधी लाकडी टूथपिकच्या टोकाने एका कोपऱ्यात हलकं दाबून पाहा. मळ असेल तर चुरा होऊन सुटतो. रंग असेल तर चिवट राहतो किंवा खपलीने निघतो, मग लगेच थांबा. आयसोप्रोपिल अल्कोहोल सरसकट फिरवू नका. काही जुने रंग त्यात विरघळतात, आणि चामडं शेलॅकने (लाखेने) चिकटवलेलं असेल तर तेही सुटेल. पितळ चमकवणारं कुठलंही पॉलिश म्हणजे बारीक वाळूच. असला मुलामा मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो, उंचवटे आधी उघडे पडतील आणि नक्षीचा उठाव मरेल.

हिरवं किट म्हणजे चामड्यातल्या तेलाची आणि आम्लाची पितळातल्या तांब्याशी झालेली प्रक्रिया. झाइस या जर्मन कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्यांवर चामड्याखाली याच्याच गाठी येतात. बाहेर आलेलं टूथपिकने खरवडा, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. चामडं उचलायची गरज नाही.

ओलं काही करायचंच असेल तर टॉप प्लेट उतरवून, सुटी करूनच. शटरचे पडदे कापडाचे आहेत.

धागाकर्ती

काळं चिवट निघालं, रंगच आहे. तसाच ठेवते. किट बऱ्यापैकी सुटलं. टॉप प्लेट उतरवायची हिंमत नाही, पण खालच्या बाजूने ॲसिडचा डाग किंवा कोरणाऱ्याची खूण सापडते का हे बघायची उत्सुकता आहे. झॉर्कीची प्लेट कुणी उतरवली असेल तर स्क्रूंचा क्रम सांगाल का? पुढचा एक स्क्रू आधीच झिजलेला आहे.