मदत हवी आहे: दिराकडे बीपी वाढवायचं इंजेक्शन सापडलं

नवीन आयडीने लिहितेय, घरातले काहीजण इथे वाचतात.

धाकटा दीर, वय २२, पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे पुण्यात राहतो. पहाटे ग्राउंड, संध्याकाळी जिम. हल्ली रात्र रात्र जागा असतो, अर्धं ताट टाकून उठतो, साधी हाक मारली तरी अंगावर येतो. काल धुवायच्या ट्रॅकपँटच्या खिशात बाटली मिळाली: मेफेन्टरमिन, ३० मिग्रॅ प्रति मिली, १० मिली. सोबत इन्सुलिनच्या सिरिंजा.

विचारलं तर म्हणतो, "वहिनी, सिझरच्या वेळी तुम्हालाही हेच दिलं असेल. बाळंतिणीला चालतं, मग मला काय होतंय?" मला उत्तर सुचेना. सासूबाईंच्या मशीनवर बीपी बघितलं, १५८/१००, नाडी ११२. ह्यांना अजून सांगितलं नाही. ते आधी हात उचलतील, मग विचारतील.

अचानक बंद केलं तर धोका आहे का? कुणाकडे न्यायचं? डॉक्टर पोलिसांना कळवतील आणि भरती हातची जाईल असं तो म्हणतो, ते खरं आहे का?

भूलवाला:
वहिनी, दिराचं म्हणणं अर्धं खरं आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, हे औषध रोज वापरतो. पाठीत भूल दिली की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी धाडकन उतरतं. तेव्हा हे पातळ करून शिरेतून ३ ते ६ मिग्रॅ द्यायचं. पेशंट आडवा, मॉनिटर चालू, मी उशाशी. उतरलेलं बीपी जागेवर आणायचं, एवढंच त्याचं काम. तुमच्या दिराचं बीपी उतरलेलंच नाही, तो चांगल्या बीपीला वर ढकलतोय.

हे अ‍ॅम्फेटामिनच्याच, म्हणजे उत्तेजक औषधांच्या, घराण्यातलं. मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेलं उत्तेजक रसायन, नॉरअ‍ॅड्रेनालिन बाहेर काढतं, म्हणून हृदय जोरात चालतं आणि दमल्याचं कळत नाही. पण साठा रिता झाला की तोच डोस लागू पडत नाही. टेबलावर असं झालं तर आम्ही दुसरं औषध घेतो. जिममधला पोरगा सिरिंज जास्त भरतो. त्या बाटलीत ३०० मिग्रॅ आहेत, म्हणजे माझे ६ मिग्रॅचे पन्नास डोस!

छातीत दुखणं, धाप, फाटेल असं डोकं दुखणं, बरळणं, किंवा बीपी १८०/१२० च्या वर: यातलं काहीही झालं तर थेट कॅज्युअल्टी. नाहीतर याच आठवड्यात फिजिशियनकडे ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी), मग मानसोपचारतज्ज्ञ. कोणी आपल्यावर पाळत ठेवतंय, कट करतंय असं बोलू लागला तर आठवडाही थांबू नका.

सांगलीकर_पैलवान:
आमच्याकडं ही बाटली एकट्याची नसते ताई. दोघं-तिघं वर्गणी काढून घेतात आणि सुई एकच फिरते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, तिन्ही तपासण्या करून घ्या. आणि बिल कुठंय विचारा. चिठ्ठीशिवाय मिळायचं औषध नव्हे हे, त्यामुळं बाटलीत नक्की काय आहे याचीही खात्री नाही. खेळातली डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, वाडाच्या, बंदी यादीतही आहे.

सायकलवेडा:
त्याला सायकलपटू टॉम सिम्पसनची गोष्ट सांगा. १९६७ च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत, रणरणत्या उन्हात मॉं व्हांटू डोंगराचा चढ चढताना कोसळला आणि गेला. शरीरात अ‍ॅम्फेटामिन सापडलं. दम लागलेला कळत नाही, म्हणून माणूस थांबत नाही. भरतीचे १६०० मीटर उन्हातच पळायचे असतात ना?

धागाकर्ती:
खूप आभार. सुयांचं डोक्यातच आलं नव्हतं. बंद करण्याबद्दल कोणी सांगेल का?

भूलवाला:
दारूसारखं फिट येणं वगैरे सहसा होत नाही. दोन-चार दिवस खूप झोपेल, खा-खा करेल, हातपाय गळाल्यासारखं होईल. नंतरची उदासी मात्र हलकी घेऊ नका. जगून काय उपयोग असं काही बोलला तर एकटं सोडायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीही फोन लागतो. व्यसनासाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच.

कायद्याचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि व्यसनामुळे होणारे मानसिक त्रास त्यात येतात. उपचाराला आला म्हणून डॉक्टर पोलिसांना फोन करत नाही. भरती जायची असेल तर ती हृदयापायी जाईल.

माई_६२:
नवऱ्याला सांग बाई, पण दीर ग्राउंडवर असताना, आणि डॉक्टरांची वेळ घेऊन झाल्यावर. हातात करायला काम असलं की पुरुषांचा राग जरा आवरतो. बाटली फेकू नकोस, डॉक्टरांना दाखव.

धागाकर्ती:
वेळ घेतली, उद्या सकाळी ११. दीर यायला तयार आहे, फक्त दादा बरोबर नको म्हणतो. इको उपाशीपोटी असतो का?

भूलवाला:
साधा इको असेल तर नाही, खाऊन या. शेवटचं इंजेक्शन कधी आणि किती घेतलं ते त्याच्याच तोंडून डॉक्टरांना सांगू द्या. तेवढ्या वेळ तुम्ही बाहेर बसा.