मदत हवी आहे: वडिलांच्या स्मरणपुस्तिकेसाठी सैन्यसेवेची माहिती

आमचे वडील वसईत वयाच्या 92व्या वर्षी प्रभूघरी गेले. बॉम्बे सॅपर्समध्ये (सैन्याच्या अभियंता दलाचा एक गट) 1953 ते 1974 सेवा. 1965 आणि 1971, दोन्ही युद्धांत होते. निधनाला महिना झाल्यावरच्या मिस्सेला (चर्चमधील प्रार्थनाविधी) आठ पानी पुस्तिका द्यायची आहे. प्रवचनात मृताचे गुणगान करायचे नसते; फादरांनी कम्युनियननंतरच्या (प्रसाद घेतल्यानंतरच्या) प्रार्थनेपाठोपाठ दोन मिनिटे दिली आहेत. त्यामुळे बाकी सगळे छापूनच सांगावे लागेल, आणि ते अचूक हवे.

बाप्तिस्मा आणि लग्नाच्या तारखा चर्चच्या नोंदवहीतून मिळाल्या. डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळालेले सेवेचे पुस्तक) आहे, पण ओल लागून बदल्यांची पाने चिकटली आहेत. ती ओढून सोडवणार नाही, शाई निघून येते. पेटीत समर सेवा स्टार, रक्षा पदक, संग्राम पदक, सैन्य सेवा पदक, स्वातंत्र्याच्या 25व्या वर्धापनदिनाचे पदक आणि 20 व 9 वर्षांच्या सेवेची पदके आहेत. कडेवर कोरलेला नंबर पीपीओशी (पेन्शन मंजुरीचा आदेश) जुळतो. अक्षरे झिजू नयेत म्हणून पॉलिश केलेले नाही. फिती मात्र विरल्या आहेत.

आई हयात नाही, त्यामुळे सेवेची माहिती मागणारा अर्ज मी, मुलगा म्हणून करणार. पेन्शनचा प्रश्न नाही. फक्त युनिट आणि ठिकाणे हवीत. छपाईला तीन आठवडे आहेत.

खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला (बॉम्बे सॅपर्सच्या सेवानोंदी ठेवणारे कार्यालय) मृत्यूचा दाखला, पीपीओ आणि माझे ओळखपत्र पुरते, की वारस दाखलाही लागतो? अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच द्यावा लागतो का? आणि फोटोसाठी नव्या फिती लावून ही पदके डावीकडून उजवीकडे कोणत्या क्रमाने मांडायची?