सोसायटीतली भाजीबाग: राबणाऱ्या चौघी, तोडणारे सगळे. नियम कसे करावेत?

मीनल_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडला, 72 फ्लॅटची. मागच्या भिंतीलगतचा पट्टा कित्येक वर्षं तसाच पडून होता. बिल्डरने खाली राडारोडा दाबून वर बोटभर लाल माती पसरलेली. गेल्या जूनमध्ये सभेची परवानगी घेऊन आम्ही काहीजणींनी तिथे भाजीबाग सुरू केली. राडारोडा उकरणं आवाक्यातलं नव्हतं, म्हणून विटांचे चार थर रचून वाफे केले. तळाला नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला, त्यावर शेणखत आणि पोयटा. ऊन भरपूर. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका, कारली झाली. गणपती झाल्यावर मेथी, पालक, मुळा, वांगी. कडेला अळू, कढीपत्ता आणि एक शेवगा.

सुरुवातीला वीसेक घरांनी नावं दिली होती. दिवाळीनंतर एकेक जण गळत गेला. आता पाणी घालायला आणि तण काढायला आम्ही चौघीच असतो. तोडायला मात्र कुणीही येतं. याला चोरी म्हणवत नाही, जागा सगळ्यांची आहे, मेंटेनन्स सगळे भरतात. पण परवा कुणीतरी पालकाचा अख्खा वाफा मुळासकट उपटून नेला. बाहेरची पानं खुडून मधला कोंब राखला की तोच पालक पुन्हा पुन्हा येतो. हे सांगायचं कुणाला? तो वाफा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा होता. पेरणीपासून रोज खाली उतरून त्या स्वतः पाणी घालायच्या. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून खाली आलेल्या नाहीत. मला सगळ्यात जास्त ते लागलंय.

दुसरं म्हणजे कंपोस्टच्या पिंपाला वास येतो आणि त्यात पांढऱ्या अळ्या झाल्यात, अशी तळमजल्यावरच्या घराची तक्रार आहे. कमिटीत दोघांचं म्हणणं, बाग बंद करून तिथे दुचाकींचं पार्किंग करू. पुढच्या महिन्यात सभा आहे. वाफे घरटी वाटून द्यावेत की सामाईकच ठेवावेत? तोडणीला काय नियम असावा? आणि मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतात, तेव्हा बागेसाठी पाणी कुठल्या तोंडाने मागायचं? कुंपण आणि कुलूप मला नकोय. तसं करायचं तर बाग कशाला म्हणायचं?

परसदार_ठाणे

मीनलताई, पार्किंगला अजिबात होकार देऊ नका. एकदा तिथे पेव्हर ब्लॉक बसले की ती माती परत मिळत नाही.

आमच्या सोसायटीतली बाग याच वळणावर आली होती, म्हणून सविस्तर लिहितो. सगळंच सामाईक ठेवलं की कुणाचंच नसतं, आणि सगळं वाटून टाकलं की बाग सोसायटीची राहत नाही. आम्ही मधला मार्ग काढला. पालेभाज्यांचे वाफे घरटी. प्रत्येक वाफ्यावर पत्र्याची पाटी, त्यावर फ्लॅट नंबर आणि पेरणीची तारीख. जे वर्षभर उभं असतं ते, म्हणजे अळू, कढीपत्ता, शेवगा, गवती चहा, आणि मांडवावरचे वेल, सगळ्या सोसायटीचं. ज्याने कधी खुरपं धरलं नाही त्यालाही आमटीला कढीपत्ता मोकळेपणी मिळाला पाहिजे. सभेत हात वर करणारे हेच लोक असतात आणि त्यांचाही बागेवर हक्क आहे, हे मी मनापासून मानतो.

आता तोडणी. आम्ही आधी रविवार ठरवला होता. मेथी, मुळा, वांगी यांना तो चालतो. भेंडी आणि गवार थांबत नाहीत. फळं लागायला लागली की भेंडी दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते, आणि जून शेंगा झाडावर राहिल्या की पुढचं फळ कमी होतं. म्हणून त्या दोन पिकांची पाळी वेगळी लावली. ज्या घराची पाळी, त्याने सकाळी आठाच्या आत तोडायचं आणि टोपली वॉचमनच्या केबिनजवळच्या टेबलावर ठेवायची. शेजारी वही. काय, किती वजन, कुणी तोडलं, कुणी नेलं. काम करणाऱ्या घरांनी आधी घ्यायचं, संध्याकाळी सहानंतर उरेल ते कुणीही न्यावं. वही उघडी असली की न विचारता उपटणं आपोआप कमी होतं, कारण टेबलावर मिळतंय तर वाफ्यात शिरायचं कशाला? आणि पाटीवर एक ओळ जरूर लिहा: ‘पालक खुडा, उपटू नका.’ बहुतेकांना खरंच माहीत नसतं हो.

वासाचं कारण जवळजवळ नेहमी एकच, ओलं जास्त आणि सुकं कमी. ओल्या कचऱ्याच्या बादलीमागे दीड-दोन बादल्या वाळका पाला घाला. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये, इतपत ओल पुरे. पिंपाला खालून आणि बाजूने भोकं पाडा, आठवड्यातून एकदा खालीवर करा. शिजलेलं अन्न आणि मासळीचे काटे काही दिवस बंद ठेवा. त्या पांढऱ्या-करड्या जाड अळ्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असणार. त्या कचरा फार झपाट्याने संपवतात, चावत नाहीत, आणि त्यांची माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर बसत नाही. तरी तळमजल्यावरच्या मंडळींना पत्र-नोटीस पाठवू नका. त्यांना खाली बोलवा, पिंप उघडून दाखवा आणि पिंप त्यांच्या खिडकीपासून लांब हलवा. खिडकी त्यांची आहे, वास त्यांना येतो.

पाण्याचं म्हणाल तर मे महिन्यात सगळे वाफे पिकवायचा हट्ट धरू नका. निम्मे वाफे खत घालून, वर चार बोटं पाल्याचं आच्छादन टाकून विश्रांतीला ठेवा. उरलेल्यांत मातीची न रंगवलेली मडकी गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर झाकणी ठेवा, म्हणजे डास होणार नाहीत. मडकं पाझरत राहतं आणि मुळांना लागेल तेवढंच पाणी मिळतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घराघरातून बादलीने खाली आलं, तर टँकरच्या पाण्याला हात लावावा लागत नाही.

लेस्टरची_माई

काकांचं बाकी सगळं पटलं, पण सोसायटीचा हिस्सा त्यांनी जरा जास्त ठेवलाय असं मला वाटतं. इथे इंग्लंडमध्ये अलॉटमेंट असते. 1908 च्या कायद्यानुसार मागणी असेल तर स्थानिक कौन्सिलने लोकांना भाजीपाल्यासाठी जागा भाड्याने द्यायची. पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर. माझा अर्धा आहे. मे ते ऑगस्ट मेथी आणि कोथिंबीर, बटाटे, आणि पॉलिटनेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या कमानदार मांडवात, मिरच्या. शेजारी एक गुजराती काका दुधी करतात, पलीकडे पोलिश जोडपं बीट आणि कोबी.

मुद्दा असा की प्लॉट माझ्या नावावर आहे. पडीक ठेवला तर आधी पत्र येतं, तरी हललं नाही तर प्लॉट जातो आणि प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला मिळतो. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही, कारण नियम भाडेकरारातच लिहिलेला असतो. मीनल, तुम्हीही वाफा देतानाच लिहून घ्या: महिनाभर हात लागला नाही तर वाफा पुढच्या घराला. आजारपण किंवा गावी जाणं असेल तर आधी कळवायचं, शेजारचा सांभाळेल. आणि त्या आजींना पहिला वाफा द्या, कठड्यापाशी, वाकावं लागणार नाही इतका उंच बांधून.

कोथरूडकर

कमिटीसाठी एक मुद्दा. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मालमत्ता करात 5 टक्के सवलत देते, दोन असतील तर 10 टक्के. प्रकल्प खरोखर चालू आहे का, हे बघायला माणूस येतो. म्हणजे तुमच्या पिंपात गांडूळखत नीट चाललं तर सवलत बागेत न येणाऱ्या घरांनाही मिळते. सभेत भाजीपेक्षा आधी हा कागद पुढे करा. शिवाय 2016 च्या घनकचरा नियमांनी 5000 चौरस मीटरच्या वरच्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. आता तुमच्या सोसायटीला कुठला नियम लागू होतो ते बघून ठेवा. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आजच काढून टाका. डेंग्यूचा एक पेशंट निघाला की सगळं खापर बागेवर फुटतं.

मीनल_सिंहगडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही चौघींनी बसून मसुदा केला. पालेभाजीचे वाफे घरटी, महिनाभराची अट लेखी, वेल आणि झाडं सामाईक, भेंडी-गवारीची पाळी, टेबलावर वही. पिंप भिंतीच्या दुसऱ्या टोकाला हलवलं आणि तळमजल्यावरच्या वहिनींना सोबत घेऊन पाला कालवला. कराच्या सवलतीचं कळल्यावर खजिनदारांनी स्वतःच अर्जाची चौकशी करतो म्हणून सांगितलं. माई, कठड्याजवळच्या वाफ्यासाठी विटा आणल्यात. आजींना त्यात काय लावायचं ते विचारायला आज संध्याकाळी वर जाणार आहे.

एकच राहिलं. शेवगा पार पहिल्या मजल्याच्या खिडकीत गेलाय. छाटला तर चालेल का, आणि कधी?

परसदार_ठाणे

शेंगा संपल्या की लगेच, पावसाच्या आधी. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वादळात फांदी कुणाच्या गाडीवर यायला वेळ लागत नाही. जमिनीपासून तीन-चार फुटांवर छाटा, म्हणजे शेंगा हाताशी येतील. झाड तोडायचं असतं तर 1975 च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नुसत्या छाटणीसाठीही उद्यान विभागाला आधी विचारून घ्या, म्हणजे पार्किंगवाल्यांना बोलायला जागा उरणार नाही. मनगटाएवढ्या जाड फांद्या टाकू नका. दोन-दोन हातांचे तुकडे करून सावलीत ठेवा आणि पाऊस सुरू झाला की भिंतीच्या कडेने पुरा. पाणी साचू दिलं नाही तर बऱ्याचशा फुटतात.