मदत हवी आहे: दोन फुटी रीफ टाकीत एकच देखणा मासा, कुठला घेऊ?

निळी_खाडी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. घरी दोन फुटी रीफ टाकी आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची. क्लाऊन माशांची जोडी आहे, झोआ आणि मश्रूम हे मऊ अंगाचे प्रवाळ छान पसरलेत, पाणी उत्तम आहे. आता एकच असा मासा हवाय की बघणाऱ्याची नजर थेट त्याच्यावर जावी. दुकानदार म्हणतो निळा टँग घ्या, सध्या दोन इंचांचा आहे, आरामात मावेल. रविवारी सकाळी आणायला जातोय, तेव्हा शनिवारी रात्रीपर्यंत सांगा प्लीज.

रीफवेडा
टँग नको. आज दोन इंच असला तरी हा मासा फूटभर वाढतो आणि दिवसभर लांबवर पोहतो. दोन फुटांत त्याला पोहायला जागाच नाही. ताणाखाली आला की अंगावर पांढरे ठिपके उठतात आणि ती लागण क्लाऊनलाही होते.
आता हे सांगा: टाकीची रुंदी, उंची किती? सुरू करून किती महिने झाले? सम्प, म्हणजे पाणी गाळायची खालची वेगळी टाकी, आहे? झाकण आहे? आणि पाणी उत्तम म्हणजे काय? आकडे द्या.

कोकणकन्या७
मँडरिन ड्रॅगोनेट घ्या. पैठणीच्या पदरावर असावी तशी नक्षी असते अंगावर, निळ्यावर नारिंगी. त्याच्यापुढे दुसरा मासा डोळ्यांत भरत नाही. माझ्याकडे तीन वर्षं आहे, ठणठणीत.

मीठमिरची
@कोकणकन्या७ ताई, तुमची टाकी केवढी आहे तेही सांगा ना.

कोकणकन्या७
पाच फुटी. सम्पमध्ये शेवाळाचा वेगळा कप्पा आहे, त्यात कोपेपॉड, म्हणजे माशांना खायला बारीक जीव, वाढतात. पण माझ्या ओळखीत एकांनी तीन फुटीतही ठेवलाय.

मीठमिरची
मँडरिन दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड टिपत असतो. दोन फुटी टाकीतले काही आठवड्यांत संपतात, आणि बरेचसे मँडरिन गोठवलेल्या खाण्याला तोंड लावत नाहीत. मग पोट खपाटीला जातं आणि मासा हळूहळू उपाशी मरतो. मी असे दोन घालवलेत. कृपा करून नवशिक्यांना हा सल्ला देऊ नका.

कोकणकन्या७
नवशिके कोण ते तुम्ही कसं ठरवलंत? सवय लावली तर खातो. माझा खातो.

अलिबागकर
मीठ विकत घेता की समुद्राचं पाणी भरता? आम्ही ओहोटीच्या वेळी होडीतून आत जाऊन कॅन भरून आणतो. फुकटचं काम, आणि मासेही खूश.

रीफवेडा
दादा, पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारटपणा उतरतो, शिवाय मुंबई-ठाण्याच्या खाड्यांमध्ये सांडपाणी येतं. तिथलं पाणी कुणी भरू नये. आणि प्रश्न पाण्याचा नव्हता.

निळी_खाडी
बाहेर होतो, आत्ता बघतोय. टाकी २४ इंच लांब, १८ रुंद, १८ उंच. सम्प नाही, मागे लटकवायचा स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) आहे. सात महिने झाले. घनता १.०२५, नायट्रेट १०, तापमान चिलरवर २६. झाकण नाही, उघडी टाकी छान दिसते. टँग रद्द, पण मग काय घेऊ?

मीठमिरची
म्हणजे काठोकाठ भरली तर १२७ लिटर. दगड-वाळू वजा जाता शंभराच्या आसपास.
माझं मत याशा गोबी आणि पिस्टल कोळंबीची जोडी. कोळंबीला नीट दिसत नाही. ती बीळ खणते आणि गोबी दारात पहारा देतो. कोळंबीची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते, धोका दिसला की तो शेपटी हलवतो आणि दोघं आत. आमच्याकडे पाहुणे चहा विसरून बघत बसतात. वाळू मात्र दोन इंच तरी हवी.

फ्लेमप्रेमी
इतकं कशाला? फ्लेम एंजल आणा. शेंदरी अंग आणि त्यावर काळे पट्टे, दहा फुटांवरूनही उठून दिसतो.

रीफवेडा
फ्लेम एंजलला याच्या दुपटीहून जास्त पाणी लागतं. आणि झोआ टोचायची सवय लागली तर सुटत नाही. त्याचे झोआ छान पसरलेत असं पहिल्याच ओळीत लिहिलंय.

वाचक_मिरज
मी गोड्या पाण्यातला माणूस. डिस्कसचा विचार करा, रंगाला तोड नाही आणि मिठाचा खर्च वाचतो.

प्रवाळमित्र
एक विचारायचं राहिलं. कडक प्रवाळ तर नाहीत ना? आपल्या समुद्रातले सगळे कडक प्रवाळ २००१ मध्ये १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. कुणी इथलाच तुकडा स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. आणि क्लाऊन घ्यायचे तर पैदास केलेलेच घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडेच क्लाऊनची पैदास करून दाखवली आहे, समुद्रातून ओरबाडायची गरज नाही.

निळी_खाडी
कडक प्रवाळ नाहीत. क्लाऊन पैदाशीचेच आहेत.
एक सांगायचं राहिलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती दिवसभर टाकीसमोरच्या खुर्चीत असते. मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नाही. तिला लांबून ओळखता येईल असा, तिचा म्हणून एक मासा हवाय. म्हणून घाई. वाळू अर्धा इंचच आहे, गोबी-कोळंबी आवडली, पण तिला दिसणार नाही.

परदेशी_पाखरू
हे आधी सांगायचं होतंत ना! रॉयल ग्रामा घ्या. अर्धं अंग गडद जांभळं, अर्धं हळदीसारखं पिवळं, चष्म्याशिवायही कळतं. कॅरिबियनचा मासा, तीन इंचांच्या आत-बाहेर राहतो, प्रवाळाला हात लावत नाही. एक कपार पकडतो आणि तिथेच असतो, कधी छताला उलटा लटकतो. काकूंना कुठे बघायचं ते ठाऊक होईल. माझा इथे न्यू जर्सीत चार वर्षं त्याच कपारीत आहे. तुमच्याकडे महाग पडेल.

मीठमिरची
माझी जोडी मी मागे घेतो, ग्रामाच योग्य. क्लाऊनशिवाय अजून कुणी नाही ना टाकीत?

निळी_खाडी
एक सिक्स लाइन रॅस आहे. अगदी छोटा, म्हणून धरला नव्हता.

रीफवेडा
छोटा असला तरी टाकीचा मालक तोच आहे! सिक्स लाइन नव्या माशाला कपारीत शिरू देत नाही, पंख फाडतो. इतक्या लहान टाकीत ग्रामाला लपायला दुसरी जागा नाही. आधी तो काढा, मगच नवा.

कोकणकन्या७
शिवाय कोपेपॉड तोही खातो. त्यामुळे तुमच्याकडे मँडरिन खरंच नको. मी माझा सल्ला मागे घेते.

निळी_खाडी
पण तो पकडायचा कसा? दगड हलवले तर झोआ जातील.

रीफवेडा
दगडांना हात लावू नका. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवा, आत खाणं ठेवा, टाकीत आडवी ठेवून दिवे लागल्यावर वाट बघा. मला दोन दिवस लागले होते. दुकानदार परत घेत असेल तर बघा, नाहीतर मला कळवा, माझ्या चार फुटीत जागा आहे. ठाण्यातच आहे मी.

निळी_खाडी
आजच बाटली लावतो. रविवारचं जाणं रद्द. आईला फोटो दाखवला ग्रामाचा, म्हणाली जांभळा-पिवळा कळतोय.

परदेशी_पाखरू
छान. आणि झाकणाचं बघा. ग्रामा घाबरला की उडी मारतो. काच नको, पाणी तापेल. बाजूंना ॲल्युमिनियमची चौकट आणि वर बारीक जाळी, पाव इंचाची भोकं पुरतात. उजेडही अडत नाही.